थीम बदलली डेस्कटॉपची, मग तिचं मॉड्यूल ब्राउझरमध्ये काय करतंय?

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जा, आपले सरकार सेवा केंद्रासमोर गर्दी दिसेल. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात ती तारीख घरोघरी पाठ असते. आत एक संगणक, त्यावर उघडलेला ब्राउझर, आणि ऑपरेटर एकेकाचा सातबारा, आधार, पासबुक अपलोड करतोय. आता अशी कल्पना करा, की ‘फाइल निवडा’ हे बटण दाबलं आणि ब्राउझर गायब झाला. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा तेच बटण, पुन्हा गायब.

ऑपरेटर आधी नेटला नावं ठेवेल, मग पोर्टलला, मग क्रोमला. आठवड्यापूर्वी एक रील बघून त्याने ‘विंडोज मॅकसारखं दिसेल’ असं एक फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं होतं, ते त्याला आठवणारही नाही. का आठवावं? ते सॉफ्टवेअर डेस्कटॉपचं, बंद पडतोय ब्राउझर.

ब्राउझर बंद पडायची कारणं अनेक असतात. मेमरी कमी असते, ड्रायव्हर जुना असतो, एखादं एक्स्टेन्शन बिघडलेलं असतं. पण डेस्कटॉप सजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा तुकडा ब्राउझरच्या आत जाऊन बसणं हे त्यातलं एक खरं आणि हमखास दुर्लक्षित राहणारं कारण आहे. तो तुकडा तिथे का जातो, हे कळायला आधी विंडोजमधली खिडकी रंगवतं कोण ते पाहावं लागेल.

खिडकी ज्याची, रंगकाम त्याचं

विंडोजमध्ये प्रत्येक चालू प्रोग्रामला स्वतःची वेगळी जागा मिळते. तिला प्रोसेस म्हणतात. एका प्रोसेसची मेमरी दुसरीला सहजासहजी दिसत नाही. वाड्यातल्या भाडेकरूंच्या खोल्या समजा, भिंती पक्क्या आणि दारं बंद.

पडद्यावर बटण, मेनू, स्क्रोलबार दिसतो तेव्हा आपल्याला वाटतं, हे सगळं विंडोज एका जागी बसून रंगवत असेल. तसं नाही. विंडोज त्या त्या प्रोग्रामला निरोप पाठवतं, ‘तुझ्या खिडकीचा हा भाग नव्याने रंगव’. रंगकामाची हत्यारं विंडोजची असतात, पण ती चालतात त्या प्रोग्रामच्या खोलीत. व्हिस्टापासून खिडकीची चौकट आणि सगळ्या खिडक्यांची अंतिम जुळणी डीडब्ल्यूएम नावाचा वेगळा प्रोग्राम करतो, हे खरं. तरी खिडकीच्या पोटातलं बरंचसं काम अजून जिथल्या तिथेच होतं.

आता ज्याला सगळ्या प्रोग्रामांची बटणं गोल करायची आहेत, मेनू काळे करायचे आहेत, शीर्षकपट्टीवर एक जादा बटण लावायचं आहे, त्याने काय करावं? बाहेर उभं राहून जमत नाही. विंडोजचं स्वतःचं थीम इंजिनही त्याला दाद देत नाही, कारण ते मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या व्हिज्युअल स्टाइलच स्वीकारतं. मग एकच मार्ग उरतो. प्रत्येक खोलीत आपला एक माणूस बसवायचा आणि रंगवण्याचा निरोप आला की त्याने मध्ये पडून आपल्या पद्धतीने रंगवायचं.

हा ‘माणूस’ म्हणजे डीएलएल नावाची फाइल. आपण तिला मॉड्यूल म्हणू. ती स्वतंत्रपणे चालत नाही, कुठल्यातरी प्रोसेसमध्ये लोड होऊन तिचाच भाग बनते. अमेरिकेतल्या स्टारडॉक कंपनीचं विंडोब्लाइंड्स हे १९९८ मध्ये आलेलं सॉफ्टवेअर या जातीचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण. विंडोजची कातडी बदलणं हेच त्याचं काम, आणि ते करायला त्याला इतर प्रोग्रामांच्या आत जावं लागतं.

सजावटीचं प्रत्येक सॉफ्टवेअर मात्र असं करत नाही. वॉलपेपर बदलणारं किंवा रेनमीटरसारखं घड्याळ आणि हवामानाच्या पाट्या डेस्कटॉपवर लावणारं सॉफ्टवेअर आपली स्वतःची खिडकी उघडून त्यातच रंगवतं. त्याला दुसऱ्याच्या खोलीत जायची गरज नसते. दुसऱ्याच्या खिडकीला हात लावायचा असेल तिथेच हा प्रश्न येतो.

आत शिरायच्या वाटा

यातल्या बहुतेक वाटा विंडोजनेच करून दिलेल्या आहेत, ही गंमत आहे.

पहिली वाट हूकची. कुठलाही प्रोग्राम विंडोजला सांगू शकतो, ‘अमुक प्रकारचा निरोप कुठल्याही खिडकीकडे निघाला की आधी माझ्या डीएलएलला दाखव’. हे जमवायला विंडोज ती डीएलएल खिडक्या असलेल्या प्रोसेसमध्ये स्वतः लोड करतं. त्यात आवडनिवड नसते. कॅल्क्युलेटरमध्ये जाईल तशीच ब्राउझरमध्ये जाईल.

दुसरी वाट जुनी आणि फारच उदार होती. रजिस्ट्रीमध्ये ‘ॲपइनिट डीएलएल्स’ नावाची एक नोंद आहे. तिथे फाइलचं नाव लिहिलं, की खिडक्या दाखवणारा जवळपास प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना ती फाइल सोबत घेऊन उठायचा. इतकी सोय चोरांनाही आवडणारच. विंडोज ८ पासून संगणकात सिक्युअर बूट चालू असेल तर ही वाट बंद असते.

तिसरी वाट धाडसाची. एक प्रोसेस दुसरीच्या आत नवा थ्रेड सुरू करते आणि त्याला सांगते, ही डीएलएल उघड. संगणकाच्या त्याच वापरकर्त्याच्या प्रोसेस असतील तर विंडोज याला सहसा अडवत नाही.

आणि चौथी वाट, जिचा आपल्या सेवा केंद्राच्या संगणकाशी थेट संबंध आहे. तुम्ही ‘फाइल निवडा’ दाबता तेव्हा जी फोल्डरांची खिडकी उघडते, ती मुळात ब्राउझरची नसते, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररची असते. पण पारंपरिक पद्धतीत ती उघडते ब्राउझरच्याच प्रोसेसमध्ये. मग एक्सप्लोररला चिकटलेली सगळी लटांबरं तिच्याबरोबर आत येतात. फोल्डरांना रंगीत चिन्हं देणारं सॉफ्टवेअर, राइट-क्लिक मेनूत स्वतःची ओळ घालणारं सॉफ्टवेअर, फाइलवर हिरवी बरोबरची खूण दाखवणारं क्लाउड स्टोरेज, या सगळ्यांची मॉड्यूल्स तुमच्या ब्राउझरमध्ये लोड होतात, आणि तीही नेमकी अपलोड करायच्या क्षणी. त्यातलं एक बिघडलेलं असेल तर ब्राउझर दिवसभर नीट चालतो आणि सातबारा जोडायला गेलं की पडतो. अलीकडे ब्राउझर ही खिडकी वेगळ्या प्रोसेसमध्ये उघडू लागले आहेत, म्हणजे पडली तर तेवढीच पडेल. पण सेवा केंद्रातला संगणक नेहमी अपडेट केलेला असतोच असं नाही.

ब्राउझरवर खास डोळा असतो का?

थीमवाल्यांचा तरी नसतो. त्यांच्या दृष्टीने ब्राउझर म्हणजे खिडकी असलेला आणखी एक प्रोग्राम. उलट क्रोमसारखा ब्राउझर आपली टॅबची पट्टी स्वतःच रंगवतो, त्यामुळे वरून आणलेली स्किन तिथे नीट बसतच नाही. म्हणजे दिसण्यात काही फरक पडत नाही, मॉड्यूल मात्र आत जाऊन बसलेलं. जबाबदार सॉफ्टवेअरमध्ये ‘या प्रोग्रामना हात लावू नको’ अशी यादी करायची सोय असते. विंडोब्लाइंड्समध्येही ती आहे. फुकटातल्या कितीतरी नकलांमध्ये ती नसते.

गेम खेळताना कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दाखवणारी सॉफ्टवेअरं आणखी वेगळ्या कारणाने आत येतात. आजचा ब्राउझर पडदा रंगवायला गेमप्रमाणेच ग्राफिक्स कार्ड वापरतो. या सॉफ्टवेअरला तो गेमच वाटतो, आणि ते आपलं मॉड्यूल घेऊन हजर होतं.

मराठी टायपिंगही याच दारातून

तुम्ही म्हणाल, मग विंडोजने हे दारच का लावून टाकलं नाही? त्याचं एक उत्तर आपल्या कळफलकावर आहे.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकलेल्या पिढीचा हात रेमिंग्टनवर बसलेला असतो. विंडोजमधला मराठीचा मूळ कळफलक मात्र इनस्क्रिप्ट आहे. त्यामुळे कचेऱ्यांमध्ये, छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं बाहेरची साधनं चालली. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही त्यातली घरोघरी माहीत असलेली नावं. त्यातलं जुनं लिखाण विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असायचं. तो फॉन्ट काढला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. पण जुन्या फॉन्टमधल्या फाइलींत युनिकोडमध्ये ‘उस्मानाबाद’ शोधलं तर एकही सापडणार नाही, कारण संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे कधी मराठीत लिहिलेलाच नव्हता.

ब्राउझरमधल्या फॉर्मला हे चालत नाही. त्याला खरी युनिकोड अक्षरं लागतात, आणि ती ब्राउझरच्या चौकटीत उमटवायची तर टायपिंगच्या साधनाला त्या चौकटीपर्यंत पोचावं लागतं. विंडोज एक्सपीपासून यासाठी टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क नावाची अधिकृत व्यवस्था आहे. तिच्यात टायपिंगच्या साधनाचं मॉड्यूल तुम्ही ज्या प्रोग्राममध्ये लिहिताय त्याच्या आत लोड होतं. ‘dha’ अशा उच्चारावरून ‘ध’ करायचा, चार पर्यायांची पट्टी कर्सरखाली दाखवायची, आधीचं अक्षर बदलून जोडाक्षर करायचं, हे आत बसल्याशिवाय नीट होत नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कळफलक दिले, तेही याच जातीचे. साधा इनस्क्रिप्ट मात्र निराळा. तो म्हणजे कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर, एवढा तक्ता. तो विंडोज स्वतः वाचतं. त्यासाठी बाहेरच्या कुणाला ब्राउझरमध्ये पाठवावं लागत नाही.

दृष्टिहीन व्यक्तींना पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरंही आत येऊनच काम करत आली आहेत. म्हणजे दार कायमचं बंद केलं असतं तर थीमवाल्यांआधी हे लोक अडले असते. जपानी, चिनी आणि मराठी लिहिणारे त्यांच्या मागोमाग.

जुनं साधन नोटपॅडमध्ये चालतं आणि क्रोममध्ये चालत नाही, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. त्याचं एक कारण साधं आहे. ३२ बिटची डीएलएल ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये लोडच होऊ शकत नाही. साधन पंधरा वर्षांपूर्वीचं आणि ब्राउझर आजचा असेल तर दोघांची गाठच पडत नाही. म्हणून अशा सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये बऱ्याचदा एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, एकीच्या शेवटी ३२ आणि दुसरीच्या शेवटी ६४.

आत आलेल्याला काय काय दिसतं?

सगळं. यात अतिशयोक्ती नाही.

मॉड्यूल एकदा लोड झालं की ते त्या प्रोसेसचाच भाग असतं. त्याच्यासाठी वेगळी परवानगी नाही, वेगळी भिंत नाही. एक्स्टेन्शनचं तसं नसतं. एक्स्टेन्शन बसवताना ब्राउझर विचारतो, ‘याला सगळ्या साइट्सवरचा मजकूर वाचता येईल, चालेल का?’ आणि नंतर ते ब्राउझरच्या नियमात राहतं. मॉड्यूलबद्दल तुम्हाला कुणीच काही विचारत नाही. ते बसवताना तुम्ही फक्त थीमला हो म्हटलेलं असतं.

ॲड्रेस बारमधलं सुरक्षित जोडणीचं चिन्हही इथे उपयोगी पडत नाही. मजकूर कुलूपबंद होतो तो ब्राउझरमधून बाहेर पडताना. ब्राउझरच्या आत पासवर्ड, ओटीपी, खाते क्रमांक उघडेच असतात, कारण ते तिथेच टाइप होतात. २००७ मध्ये उघडकीला आलेल्या झ्यूस नावाच्या ट्रोजनने याचाच फायदा घेतला. तो ब्राउझरमध्ये शिरायचा, मजकूर पाठवणाऱ्या फंक्शनांना मध्येच अडवायचा आणि बँकेची माहिती कुलूप लागण्याआधी उचलायचा. थीमचं मॉड्यूल आणि झ्यूस यांचे हेतू वेगळे, पण आत जायची रीत बरीचशी सारखीच. आणि बाहेरून बघणाऱ्या ब्राउझरला त्यातला साव कोण आणि चोर कोण, हे ओळखणं फार कठीण जातं.

प्रामाणिक मॉड्यूलही उपद्रव देऊ शकतं. निरोप अडवण्यासाठी ते विंडोजच्या फंक्शनांचे सुरुवातीचे काही बाइट बदलून तिथे आपल्याकडे वळण्याची खूण टाकतं. एकाच फंक्शनवर अँटीव्हायरस, थीम आणि स्क्रीन रेकॉर्डर अशा तिघांनी खुणा टाकल्या, की कोण कुणाच्या आधी हे त्यांचं त्यांनाच माहीत. शिवाय क्रोमची मोठी आवृत्ती २०२१ पासून दर चार आठवड्यांनी येते. थीमवाल्याने दोन वर्षांपूर्वी बनवून सोडून दिलेली फाइल आजच्या ब्राउझरबरोबर कुणी तपासलेलीच नसते. तिच्यात चूक झाली की पडते ती अख्खी प्रोसेस, आणि पडद्यावर नाव येतं ब्राउझरचं.

ब्राउझरवाल्यांनी काय केलं

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये तेव्हाच्या एजमध्ये कडक भूमिका घेतली. मायक्रोसॉफ्टची सही किंवा त्यांच्या हार्डवेअर चाचणीची मान्यता नसलेली डीएलएल एजच्या आत येऊ द्यायची नाही.

गुगलने नोव्हेंबर २०१७ मध्ये क्रोमसाठी तीन टप्पे जाहीर केले. एप्रिल २०१८ पासून क्रोम पडला तर कुठल्या सॉफ्टवेअरने आत कोड घातला होता ते दाखवायचं, जुलै २०१८ पासून असा कोड अडवायला लागायचं, जानेवारी २०१९ पासून ठामपणे अडवायचं. त्या वेळी गुगलने दिलेले दोन आकडे बोलके आहेत. विंडोजवर क्रोम वापरणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या संगणकावर क्रोमशी असा संबंध ठेवणारं दुसरं सॉफ्टवेअर होतं, आणि ज्यांच्या क्रोममध्ये बाहेरचा कोड शिरलेला होता त्यांचा क्रोम पडण्याची शक्यता इतरांपेक्षा १५ टक्के जास्त होती. तीन गोष्टींना मात्र सूट मिळाली. मायक्रोसॉफ्टची सही असलेला कोड, अपंगांना मदत करणारी सॉफ्टवेअरं आणि टायपिंगची साधनं. मराठी लिहिणाऱ्यांचं दार उघडं राहिलं ते असं.

फायरफॉक्सने निराळी वाट धरली. उपद्रवी म्हणून माहीत झालेल्या मॉड्यूल्सची नकारयादी त्याच्याकडे पूर्वीपासून होतीच. जुलै २०२१ च्या ९० व्या आवृत्तीत त्याने आत शिरलेल्या बाहेरच्या मॉड्यूल्सची यादी वापरकर्त्यापुढे उघड केली आणि फेब्रुवारी २०२३ च्या ११० व्या आवृत्तीत त्यातलं एखादं अडवायचं बटणही दिलं. माझ्या मते हे जास्त बरं. कोण आत आहे हे संगणकाच्या मालकाला दिसायला तरी हवं.

तुमच्या ब्राउझरमध्ये कोण आहे?

फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘अबाउट’, मग कोलन, मग ‘थर्ड-पार्टी’ असं मधल्या आडव्या रेघेसह लिहा. यादी येईल. प्रत्येक मॉड्यूल कुणाच्या सहीचं आहे आणि ते टायपिंगचं साधन आहे की एक्सप्लोररचं लटांबर आहे, हेही तिथे दिसतं. क्रोममध्ये ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि ‘कॉन्फ्लिक्ट्स’ असं लिहा. एजमध्ये ‘क्रोम’च्या जागी ‘एज’. तिथली यादी लांबलचक असते आणि तिच्यात बहुतेक नावं मायक्रोसॉफ्टची असतात, तेव्हा बघून घाबरू नका. अनोळखी प्रकाशक किंवा प्रकाशकच नसलेली फाइल शोधायची, आणि ती कुठल्या फोल्डरमधून आली ते बघायचं. फोल्डरच्या नावावरून बहुतेक वेळा सॉफ्टवेअर ओळखू येतं.

घरच्या संगणकावर थीम हवी असेल तर लावा, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये वगळायच्या प्रोग्रामांची यादी शोधून ब्राउझर त्यात टाका. ती यादीच नसेल तर ते सॉफ्टवेअर मी तरी ठेवणार नाही. आणि ज्या संगणकावर दिवसाला पन्नास लोकांचे आधार क्रमांक आणि ओटीपी टाइप होतात, तिथे खिडकीचे कोपरे गोल नसले तरी कुणाचं काही अडत नाही.

मराठी टायपिंगचं साधन ज्याने बनवलं त्याच्याच साइटवरून घ्या. पेनड्राइव्हवरून फिरत आलेल्या ‘क्रॅक’ प्रतीत मूळ मॉड्यूलबरोबर आणखी काय आहे, ते ती प्रत देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. इनस्क्रिप्ट येत असेल तर प्रश्नच मिटला, तो विंडोजमध्ये आहेच.

संशयित सॉफ्टवेअर काढल्यावर लगेच ब्राउझरमध्ये जाऊन तपासू नका. आधीपासून उघड्या असलेल्या ब्राउझरमध्ये शिरलेलं मॉड्यूल तसंच राहू शकतं. संगणक रीस्टार्ट करा, मग यादी पुन्हा उघडा आणि मगच पुढच्या माणसाचा सातबारा अपलोडला घ्या.